पीसी अधूनमधून बंद पडतोय? पार्ट बदलण्याआधी दोष पकडा

अजिबात चालू न होणारा पीसी दुरुस्त करणं तुलनेनं सोपं असतं. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा), रॅम, मदरबोर्ड असं एकेक बाजूला काढत गेलं की दोष सापडतो. खरा त्रास देतो तो आठवड्यातून दोनदा अचानक रीस्टार्ट होणारा, मध्येच हँग होणारा, कधी ब्लू स्क्रीन (विंडोजची चूक दाखवणारी निळी, नव्या विंडोज ११ मध्ये काळी, स्क्रीन) देणारा आणि दुरुस्तीला नेल्यावर दिवसभर व्यवस्थित चालणारा पीसी.

अशा पीसीवर पहिला सल्ला ठरलेला असतो: फॉरमॅट मारा. त्यानं भागलं नाही तर रॅम बदला, मग एसएमपीएस. प्रत्येक वेळी चार दिवस बरे जातात, हायसं वाटतं आणि पाचव्या दिवशी पुन्हा तेच. यामागचा हिशेब आधी समजून घ्या. पीसी सरासरी ५ दिवसांतून एकदा, कधीही क्रॅश होत असेल, तर तुम्ही काहीही न करता पुढचे ५ दिवस शांततेत जाण्याची शक्यता साधारण ३७% असते. म्हणजे तीनातल्या एकापेक्षा जास्त वेळा चुकीचा उपायसुद्धा बरोबर वाटणार. १५ दिवस शांत गेले तर मात्र तो योगायोग असण्याची शक्यता ५% वर येते. म्हणून दोन क्रॅशमधल्या सरासरी अंतराच्या तिप्पट काळ गेल्याशिवाय 'झालं दुरुस्त' म्हणायचं नाही.

इतकं थांबणं बहुतेकांना जमत नाही. त्यामुळे माझं ठाम मत असं आहे की पहिलं काम दोष दुरुस्त करण्याचं नसून तो हवा तेव्हा घडवून आणण्याचं आहे. पाच दिवसांनी येणारा क्रॅश अर्ध्या तासात आणता आला, तर आठवड्यांची तपासणी एका दुपारीत उरकते.

'एकदाच झालं, सोडून द्या' हेही बरोबर नाही. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११ मध्ये सुमारे १० लाख घरगुती पीसींच्या क्रॅशच्या नोंदी अभ्यासल्या होत्या. हार्डवेअरच्या दोषामुळे एकदा क्रॅश झालेला पीसी पुन्हा तसाच क्रॅश होण्याची शक्यता शंभर पटीपर्यंत वाढलेली त्यांना दिसली. थोडंसं ओव्हरक्लॉकिंगसुद्धा (पार्ट ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगानं चालवणं) विश्वासार्हता लक्षणीय कमी करतं, हेही त्याच अभ्यासात आढळलं.

बॅकअप आणि वही

सुरुवात बॅकअपनं करा. रॅम खराब असेल तर चुकीचा डेटा गुपचूप डिस्कवर लिहिला जात असतो, आणि तपासणीच्या ताणात एखादी कमकुवत डिस्क पूर्ण जाऊ शकते. जुन्या बॅकअपवर नवा बॅकअप लिहू नका, वेगळ्या ठिकाणी घ्या. आजच्या फाइल आधीच बिघडलेल्या असतील तर जुनी प्रत हाच आधार असतो.

मग एक वही घ्या. प्रत्येक क्रॅशची वेळ, तेव्हा काय चालू होतं, पीसी चालू करून किती वेळ झाला होता आणि तो नेमका कसा बंद पडला, एवढं लिहा. यातली शेवटची नोंद सगळ्यात मोलाची.

कसा बंद पडला?

'बंद पडतो' या एका शब्दात चार-पाच वेगवेगळे आजार दडलेले असतात.

कोणतीही स्क्रीन न दाखवता, वायर उपटल्यासारखा क्षणात बंद झाला तर संशय वीजपुरवठ्यावर. गेम किंवा रेंडरिंग सुरू होताच असं होत असेल तर एसएमपीएस, आणि ताण देऊन दहा-पंधरा मिनिटांनी होत असेल तर तापमानही संशयाच्या यादीत घ्या.

ब्लू स्क्रीन आली तर विंडोजला काहीतरी चुकल्याचं कळलं आणि त्याची नोंद करायला वेळही मिळाला. यात माहिती सर्वात जास्त मिळते.

हँग झाला तर तीन गोष्टी लगेच बघा. कॅप्स लॉकचं बटण दाबून त्याचा दिवा बदलतो का? आवाज चालू राहिला, की एकाच सुरात घरघरत अडकला? आणि विंडोज, कंट्रोल, शिफ्ट व बी ही चार बटणं एकत्र दाबल्यावर स्क्रीन परत येते का? या बटणांनी ग्राफिक्स ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो. दिवा बदलतोय, आवाज येतोय, पण चित्र गोठलंय, तर मुळाशी ग्राफिक्स कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर असण्याची शक्यता मोठी. दिवाही बदलत नसेल आणि आवाजही अडकला असेल तर रॅम, प्रोसेसर, मदरबोर्ड यांच्याकडे वळा. माउस हलतोय पण काहीच उघडत नाही, आणि मिनिटभरानं सगळं एकदम सुरळीत होतं? बहुतेक वेळा डिस्क उत्तर देत नसते.

काहीच काम चालू नसताना क्रॅश होणारे पीसी लोकांना सर्वात जास्त गोंधळात टाकतात. ताण नसताना कसा बंद पडेल, असं वाटतं. पण हलक्या कामात आधुनिक प्रोसेसर एखाद-दुसरा कोर सर्वात वरच्या वेगाला नेतो आणि पुढच्याच क्षणी झोपवतो. अंडरव्होल्ट केलेला (व्होल्टेज कमी केलेला) किंवा कर्व्ह ऑप्टिमायझर या एएमडीच्या व्होल्टेज सेटिंगमध्ये उणे आकडा टाकलेला प्रोसेसर तासभर स्ट्रेस टेस्ट पास करून नुसत्या ब्राउझरवर कोसळतो, तो यामुळेच. ही सेटिंग प्रत्येक कोरवर वेगवेगळी तपासावी लागते. कोअरसायकलर हे टूल तेच काम करतं.

लॉगमध्ये काय बघायचं

सिस्टिम प्रॉपर्टीजमधल्या स्टार्टअप अँड रिकव्हरीत जाऊन 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची खूण काढा, म्हणजे ब्लू स्क्रीन वाचायला मिळेल. पेजफाइल (रॅमला पूरक म्हणून विंडोज डिस्कवर ठेवतं ती फाइल) बंद केली असेल तर परत चालू करा. ती नसेल तर क्रॅशच्या क्षणाची नोंद ठेवणारी डंप फाइल बनत नाही.

विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ दिसलं की अनेक जण थेट एसएमपीएस बदलतात. हा संदेश फक्त एवढंच सांगतो की मागच्या वेळी पीसी नीट शटडाउन झाला नव्हता. कारण शोधायचं असेल तर त्याच्या डिटेल्समध्ये बगचेक कोड बघा. तो शून्य नसेल तर ब्लू स्क्रीन आली होती, तो धागा पकडा. तो शून्य असेल आणि पॉवर बटणाची वेळही शून्य असेल, तर वीज तुटली किंवा विंडोजला नोंद करायची संधीच मिळाली नाही.

त्याहून महत्त्वाच्या नोंदी व्हीया-लॉगर या नावाखाली असतात. हार्डवेअरनं स्वतः कळवलेल्या चुका इथे येतात. क्रमांक १८ म्हणजे जीवघेणी चूक. त्यात एपिक आयडी, म्हणजे प्रोसेसरच्या कोणत्या कोरवर चूक झाली त्याचा क्रमांक, दिलेला असतो. प्रत्येक क्रॅशला तोच आयडी येत असेल तर एकच कोर कमकुवत आहे किंवा त्याला व्होल्टेज कमी पडतंय. आयडी दर वेळी वेगळा असेल तर व्होल्टेज, रॅम, मदरबोर्ड असं जरा लांबून बघा. क्रमांक १७ म्हणजे दुरुस्त झालेली चूक, बहुधा पीसीआय एक्सप्रेसवरची (ग्राफिक्स कार्डासारखे पार्ट मदरबोर्डला जोडणाऱ्या मार्गावरची). दुरुस्त झाली म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. एका पीसीत ग्राफिक्स कार्ड राइझर केबलवर (कार्ड आणि स्लॉट यांना जोडणाऱ्या लवचिक केबलवर) उभं बसवलं होतं. तो व्हिडिओ कॉलमध्ये गोठायचा, आणि तोवर रॅमही बदलून झाली होती, फॉरमॅटही. लॉगमध्ये मात्र क्रमांक १७ ची रांग लागलेली होती. केबल पीसीआय एक्सप्रेस ३.० ची आणि कार्ड ४.० चं. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) त्या स्लॉटचा वेग जेन ३ वर, म्हणजे ३.० वर आणताच रांग थांबली आणि गोठणंही.

मिनीडंप, म्हणजे छोट्या डंप फाइल, वाचायला विनडीबीजी हे मायक्रोसॉफ्टचं टूल वापरा. एका डंपवरून निष्कर्ष काढू नका, पाच-सहा डंप शेजारी ठेवून बघा. दर वेळी तोच ड्रायव्हर दोषी दिसत असेल तर दोष बहुधा खरंच त्याच्यात किंवा त्याच्या हार्डवेअरमध्ये असतो. दर वेळी कोड वेगळा आणि नावही वेगळं, आज मेमरी मॅनेजमेंट, उद्या आयआरक्यूएल, परवा फाइल सिस्टिम, असं असेल तर रॅम किंवा प्रोसेसर. डंपमध्ये सारखं एनटीओएसकर्नल दिसतं म्हणून विंडोजला दोष देऊ नका. कर्नल तिथे सतत कामावर असतो, त्यामुळे नाव त्याचं लागतं.

सगळं मूळ सेटिंगवर आणा

काहीही उघडण्याआधी बायोसमध्ये जाऊन डीफॉल्ट सेटिंग लोड करा. सीपीयू, ग्राफिक्स, रॅम यांचं कसलंही ओव्हरक्लॉकिंग वा अंडरव्होल्टिंग ठेवू नका. रॅमचं एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइलसुद्धा बंद करा. पाकिटावर छापलेला वेग हा रॅमचा हक्काचा वेग आहे असा समज असतो, पण हे प्रोफाइल म्हणजे ओव्हरक्लॉकिंगच. प्रोसेसरची अधिकृत मर्यादा वेगळी असते आणि स्टिक वाढल्या की ती खाली येते. उदाहरणार्थ, रायझन ७००० मालिकेत दोन स्टिकसाठी डीडीआर५-५२०० पर्यंत अधिकृत वेग आहे, तर चार स्टिकसाठी फक्त ३६००.

फास्ट स्टार्टअपही बंद करा. तो चालू असेल तर शटडाउन केल्यावर कर्नलची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत येते. पीसी 'रोज बंद करतो' म्हणणाऱ्याचं विंडोज प्रत्यक्षात कित्येक दिवस ताजं सुरू झालेलंच नसतं.

मूळ सेटिंगवर क्रॅश थांबले तर अर्धी तपासणी संपली. मग एकेक सेटिंग परत लावत जा.

रॅम

रॅमवर मी जास्त वेळ देतो, कारण तिचा दोष वाटेल ते रूप घेतो. इन्स्टॉलर मध्येच 'फाइल करप्ट' म्हणतो, मोठी झिप फाइल उघडताना सीआरसी एरर (डेटा जुळत नसल्याची चूक) येते आणि तीच फाइल दुसऱ्यांदा बिनबोभाट उघडते, ब्राउझरचे टॅब मरतात. अशी लक्षणं दिसली की डाउनलोडला किंवा विंडोजला दोष देण्याआधी रॅम तपासा. गूगलच्या सर्व्हरवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त रॅम मॉड्यूलमध्ये चुका आढळल्या होत्या. घरच्या पीसीत सहसा ईसीसी (चुका स्वतः पकडून दुरुस्त करणारी रॅम) नसते, त्यामुळे अशी चूक होते तेव्हा कोणी कळवतही नाही. डीडीआर५ मध्ये चिपच्या आत दुरुस्तीची सोय आहे, पण स्टिकपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर झालेली चूक ती पकडत नाही.

मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवर घ्या, त्यावरून पीसी सुरू करा आणि रात्रभर चार पास (पूर्ण फेऱ्या) होऊ द्या. इथे 'एकच तर एरर आली' असं काही नसतं. स्वीकारार्ह आकडा शून्य. एरर सारख्या त्याच पत्त्यावर येत असतील तर स्टिक खराब आहे. पत्ते दर वेळी बदलत असतील तर वेग, व्होल्टेज किंवा प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर यांचा विचार करा.

एरर आल्या की एक स्टिक ठेवून बाकीच्या काढा. पहिली स्टिक एका स्लॉटमध्ये, मग तीच दुसऱ्या स्लॉटमध्ये, मग दुसऱ्या स्टिकनं हेच. दोष स्टिकबरोबर फिरला तर स्टिक खराब. स्लॉटमध्येच राहिला तर मदरबोर्ड किंवा प्रोसेसरचं बसणं. कूलर एका बाजूला जास्त आवळला गेला किंवा सॉकेटमधली एखादी पिन वाकली तरी एक चॅनल असा अधूनमधून जातो. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन स्टिक असतील तर त्या बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्यात. मॅन्युअल बघून खात्री करा. वेगवेगळ्या पाकिटांतल्या स्टिक, कंपनी आणि वेग तोच असला तरी, एकत्र चालतीलच याची खात्री नसते.

मेमटेस्ट पास झाली म्हणजे रॅम निर्दोष ठरली असंही नाही. त्या वेळी ग्राफिक्स कार्ड थंड असतं. गेम चालू असताना त्याची गरम हवा थेट स्टिकवर जाते आणि तापलेली रॅमच चुका करते. म्हणून विंडोजमध्ये टेस्टमेम५ ही रॅमची टेस्ट चालवताना शेजारी ग्राफिक्स कार्डलाही ताण द्या.

संपर्कपट्ट्या साफ करायला खोडरबर वापरायची सवय सोडा. सोन्याचा मुलामा पातळ असतो, तो घासला जातो आणि रबराचा भुगा स्लॉटमध्ये अडकतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड पुरेसं आहे.

एसएमपीएस आणि वीज

१२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ या दरम्यान असली पाहिजे. सॉफ्टवेअरमध्ये दिसणारा आकडा मदरबोर्डच्या सेन्सरचा असतो, तो अंदाजापुरता धरा. मल्टिमीटर खरा आकडा देतो, पण काही मिलिसेकंदांचा खड्डा त्यालाही दिसत नाही, आणि पीसी पाडायला तेवढा खड्डा पुरतो. ग्राफिक्स कार्ड क्षणभरासाठी आपल्या नेहमीच्या गरजेच्या कितीतरी पुढे जातं. म्हणूनच २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात एसएमपीएसनं १०० मायक्रोसेकंद दुप्पट भार सोसावा अशी अट घातली गेली.

सुटा एसएमपीएस हाताशी नसेल तर एक बिनखर्चाची चाचणी आहे. ग्राफिक्स कार्डची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा आणि ज्या गेममध्ये पीसी बंद पडतो तोच गेम खेळा. बंद पडणं थांबलं तर दोष वीज किंवा उष्णता या दोनांत आहे. तापमान आधीच ठीक असेल तर वीजच. त्यानंतर केबल बघा. दोन आठ-पिन कनेक्टर लागणाऱ्या कार्डाला एकाच केबलची दोन टोकं लावली असतील तर दोन स्वतंत्र केबल लावा. १६ पिनांचा नवा कनेक्टर पूर्ण आत गेलाय ना, हे डोळ्यांनी बघून घ्या.

दोन ताकीद. एका एसएमपीएसच्या मॉड्यूलर केबल दुसऱ्याला कधीही लावू नका. टोक बसतं, पण पिनांचा क्रम वेगळा असू शकतो आणि डिस्क क्षणात जळतात. आणि एसएमपीएस स्वतः उघडू नका. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक व्होल्टेज राहतं.

संशय सहसा जात नाही अशी एक जागा सांगतो: कॅबिनेटचं बटण. रीसेटची वायर मदरबोर्डवरून काढून दोन-चार दिवस पीसी वापरा. अडकणारं बटण किंवा सोललेली वायर असेल तर रीस्टार्ट तिथल्या तिथे थांबतात. तसंच एखादं खराब यूएसबी उपकरण. कीबोर्ड-माउस सोडून सगळं काढून बघा.

तापमान, डिस्क, ड्रायव्हर

तापमान मोजणं सोपं आहे, म्हणून थोडक्यात. एचडब्ल्यूइन्फो या टूलमध्ये लॉग चालू ठेवा आणि क्रॅशच्या आधीची शेवटची ओळ वाचा. प्रोसेसर ९५ ते १०० अंशांना टेकला तरी तो आधी वेग कमी करतो, लगेच बंद पडत नाही. कूलर सुटलेला असेल किंवा पंप थांबला असेल तरच तो थेट बंद होण्यापर्यंत जातो.

डिस्कसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो या टूलमध्ये स्मार्टचे (डिस्कच्या तब्येतीचे) आकडे बघा. हार्ड डिस्कमध्ये पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे भाग) वाढत असतील तर डिस्क बदला. सीआरसी एरर वाढत असतील तर डिस्क बहुधा चांगली आहे, साटा केबल बदला.

ड्रायव्हरचा संशय असेल तर सेफ मोडमध्ये डीडीयू या टूलनं ग्राफिक्स ड्रायव्हर पूर्ण काढून नव्यानं टाका. ड्रायव्हर व्हेरिफायर (ड्रायव्हरवर मुद्दाम ताण देऊन चुका पकडणारं विंडोजचं टूल) शेवटी वापरा, आणि तो चालू करण्याआधी सेफ मोडमध्ये जाऊन तो कसा बंद करायचा हे पाहून ठेवा, कारण त्याच्यामुळे विंडोज सुरूच न होण्याची वेळ येऊ शकते. फॉरमॅट मारण्यापेक्षा पेन ड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स चालवा आणि तिथे ताण द्या. तिथेही पीसी पडला तर विंडोज संशयातून सुटलं आणि तुमचा डेटाही जागेवर राहिला.

इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीबद्दल

या पिढ्यांचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर हे आधी तपासा. जास्त व्होल्टेजमुळे हे प्रोसेसर हळूहळू झिजत असल्याचं इंटेलनं २०२४ मध्ये मान्य केलं, ऑगस्टमध्ये मायक्रोकोडची (बायोस अपडेटमधून येणारी) दुरुस्ती दिली, सप्टेंबरमध्ये आणखी एक दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. गेम सुरू होताना 'आउट ऑफ व्हिडिओ मेमरी' असा संदेश येणं हे याचं एक लक्षण. संदेश ग्राफिक्स कार्डाबद्दल बोलतो, दोष प्रोसेसरमध्ये असतो. बायोस अपडेट पुढची झीज रोखतो, पण झालेली झीज भरून काढत नाही. अपडेटनंतरही मूळ सेटिंगवर क्रॅश येत असतील तर प्रोसेसर बदलूनच घ्यावा लागेल.

दोषी पार्ट सापडल्यावर

नवा पार्ट लावला, क्रॅश थांबले, इथे बहुतेक जण थांबतात. तुम्ही आणखी एक पायरी घ्या. जुना पार्ट परत लावा आणि तोच गेम, तीच टेस्ट पुन्हा चालवा. दोष परत आला पाहिजे. आला नाही, तर तुम्ही पार्ट काढता-घालताना एखादा ढिला कनेक्टर नीट बसला होता आणि खरा आजार तोच होता. एसएमपीएस मात्र याला अपवाद, त्याच्या बाबतीत ही चाचणी करू नका. जळका वास किंवा ठिणगी दिसलेला एसएमपीएस परत लावणं बाकीच्या पार्टवर बेतू शकतं.

वॉरंटीसाठी पार्ट पाठवताना नुसतं 'पीसी हँग होतो' लिहिलंत तर त्यांच्याकडे तो दहा मिनिटं व्यवस्थित चालेल आणि 'दोष आढळला नाही' म्हणून परत येईल. कोणत्या टेस्टमध्ये, किती मिनिटांनी, कोणत्या सेटिंगवर चूक येते, दुसरा पार्ट लावल्यावर ती जाते आणि हाच परत लावल्यावर परत येते, हे लिहा. सोबत मेमटेस्टच्या स्क्रीनचा फोटो आणि व्हीया-लॉगरच्या नोंदी जोडा.